घरजावयाच्या भरवशावर फुलसिंग

"पाय खाली घ्या, फुलसिंगभाऊ! आधी पाय खाली!"

मागच्या सीटवरून डॉक्टर सरिता भगत ओरडल्या तेव्हा गाडी समृद्धी महामार्गावर शंभरच्या वेगानं चालली होती, आणि फुलसिंग चव्हाण ड्रायव्हरच्या सीटवर उजवा पाय दुमडून, बाजेवर बसावं तसा ऐसपैस मांडी घालायच्या बेतात होता.

"आता त्याले काही कामच नाही न मॅडम. गाडी आपली आपणच चालून राह्यली."

"चालून राह्यली, पण थांबवणार कोण? ब्रेक काय मी मागून मारू?"

"हे तर खरं हाय." पाय खाली आला, ब्रेकशेजारी जाऊन गुपचूप बसला. मग फुलसिंग म्हणाला, "इतकं चांगलं यंत्र काढलं, अन् पायाले सुट्टी नाही."

सकाळी शेलूबाजारला महामार्गावर चढल्यावर मॅडमनी त्याला क्रूझ कंट्रोल समजावला होता. स्टिअरिंगवरचं हे बटण दाबलं की यंत्र जागं होतं. हे सेट, दाबाल तेव्हाचा वेग गाडी धरून ठेवते. ब्रेकला पाय लागला की सोडते. आणि हे वरचं, रिझ्यूम. ते दाबलं की मघाचा वेग पुन्हा पकडते.

"म्हंजे इतक्या वेळात ते इसरत नाही?"

"नाही. बंद करेपर्यंत लक्षात ठेवतं."

फुलसिंगनं त्या बटणांकडे संशयानं पाहिलं. "घरजावईच म्हणा की. घरात घेतला तर घर सांभाळते, पण आपलं ध्यान हटलं की घर त्याचं!"

मॅडम हसल्या. दुखरा खांदा हलला म्हणून कळवळल्या, आणि पुन्हा हसल्या.

हा फुलसिंग मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचा. पंचवीसेक वर्षं त्यानं मानोरा ते मंगरूळपीर काळी-पिवळी जीप चालवली. पुढच्या बाकड्यावर तीन प्रवासी कोंबल्यावर उरलेल्या चार बोटांच्या जागेत तो बसायचा; अर्धा आत, अर्धा दाराबाहेर. गिअर कुणाच्या तरी गुडघ्यांमधून शोधावा लागे. "मामी, जरा पाय सरकवा, तिसरा टाकतो," असं म्हणत तिसरा टाकायचा. जीपचं वय संपलं, ती भंगारात गेली. मग फुलसिंग आणि त्याची बायको हिरीबाई दोन हंगाम ऊसतोडीला गेले. उसाच्या मोळ्या वाहून हिरीबाईचा गुडघा धरला. आता तिसरा हंगाम दाराशी होता. दिवाळी होऊन गेली होती, शेजारचाच मुकादम देवला जाधव रोज विचारत होता, "काय फुलसिंग, तुमचा कोयता धरू न?" ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. एकटा नवरा म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता मुकादम घेत नाही. फुलसिंगला जायचं तर हिरीबाईला जावंच लागणार, गुडघ्यासकट.

अशात त्याची दाढ दुखली.

मंगरूळपीरला सरिता मॅडमच्या दवाखान्यात दाढ काढून झाल्यावर, अर्धं तोंड बधिर, गालात कापूस, अशा अवस्थेत त्यानं ऐकलं की मॅडमना ड्रायव्हर हवाय. पायरीवरून पडून त्यांचा खांदा मोडला होता, ऑपरेशन झालं होतं, आणि नागपूरला आजारी आईकडे दर आठवड्याला जायचं होतं. आधीचा एक ड्रायव्हर फोनवर बोलत गाडी हाकायचा, दुसरा डुलक्या घ्यायचा.

"मॅडम, मी येतो न," फुलसिंग म्हणाला होता. तोंडातून निघालं भलतंच.

"बोलू नका, कापूस दाबून धरा."

"दायव्हर! मी! दायव्हर हाय!"

"उद्या बोला. जीभ ताळ्यावर येऊ द्या."

दुसऱ्या दिवशी जीभ ताळ्यावर आणून तो पुन्हा गेला. मॅडम म्हणाल्या, आधी एक ट्रायल. नागपूर, आणि परत. जमलं तर नोकरी.

ती ही ट्रायल. म्हणून तर मांडीचा किस्सा झाल्यापासून फुलसिंग ताठ बसला होता, लग्नातल्या फोटोत बसावं तसा.

नागपूर झालं. आईंना भेटून झालं. फुलसिंगला तिथं चहा आणि पोहे मिळाले, आणि आईंनी मॅडमच्या कानात "माणूस बरा वाटतो" असं इतक्या मोठ्यानं सांगितलं की ते त्यानं जिन्यात ऐकलं. परतीचा रस्ता पश्चिमेला, त्यामुळे मावळता सूर्य सगळा काचेवर. फुलसिंगनं डोळ्यापुढची पट्टी खाली ओढली. घरजावई शंभरवर नेमून दिला, पाय ब्रेकशेजारी ठेवला, आणि पुढच्या गाडीपासून लांब राहिला. जवळ गेलं की ब्रेकला पाय लावून वेग स्वतःच्या हातात घ्यायचा, मोकळं झालं की रिझ्यूम. मॅडमना कळेना, हा तोच का सकाळचा.

शेलूबाजारला महामार्ग सोडला. वळणावर ब्रेक लागला, घरजावयानं गाडी सोडली. पण गेला नव्हता. आतच होता, शंभर आकडा मनात धरून.

मंगरूळपीरच्या रस्त्याला लागले तेव्हा सूर्य बुडाला होता. आभाळ उजेडलेलं, खाली मात्र सावली दाटलेली. दोन्ही बाजूंना डोक्याएवढी तूर.

"दिवे लावा, फुलसिंगभाऊ."

"दिसून राह्यलं न मॅडम चांगलं."

"लावा तरी."

"दिवेलागण होऊ द्या की."

हा काळी-पिवळीवाल्यांचा जुना कायदा. तांड्यावर देवापुढे दिवा लागल्याशिवाय गाडीचा दिवा लावायचा नाही. लवकर लाईट लावली की बॅटरी उतरणार, आणि सकाळी प्रवाशांनाच धक्का मारावा लागणार. त्यात स्टँडवर अब्रूचा प्रश्न. उजेड असताना जो लाईट लावून येई, त्याला बाकीचे विचारत, "काय बे, डोये गेले का तुहे?" पंचवीस वर्षं फुलसिंगनं कुणाला हे विचारू दिलं नव्हतं.

"फुलसिंगभाऊ, दिवे."

आवाज बदलला होता. ट्रायल आठवली. त्यानं घाईनं उजवा हात स्टिअरिंगमागच्या दिव्यांच्या दांडीकडे नेला, आणि जाता जाता अंगठा स्टिअरिंगवरच्या बटणावर घासला.

गाडीनं हुंकार दिला. पन्नाससाठवर चाललेली गाडी एकाएकी पुढे झेपावली. त्याच क्षणी तुरीच्या फटीतून दोन शिंगं रस्त्यावर आली. मग दोन आणखी. मग जू, आणि कापसानं भरलेली अख्खी बैलगाडी.

"बटण! बटण बंद करा! बटण!" मॅडम ओरडत होत्या.

फुलसिंगनं बटण शोधलं नाही. पाय गेला तो थेट ब्रेकवर, आणि तिथंच गाडला गेला. टायर किंचाळले. गाडी थरथरली, घसरली, आणि उभी राहिली. डाव्या बैलानं मान वळवून बॉनेटचा वास घेतला.

कोणी मेलं नाही. कोणाला लागलं नाही. कापसाचे दोन पुंजके काचेवर येऊन पडले, बस्स.

"अबे ए!" बैलगाडीवरून एक म्हातारा उठून उभा राहिला. कापूस घेऊन शेतातून घरी निघालेला. "तुह्या गाडीले बत्ती नाही का बे?"

फुलसिंग खाली उतरला. "हाय बाबा. लावतच होतो."

"लावतच होतो! मी रस्ता पाह्यला. दोन्हीकडं पाह्यला. काही चमकलं नाही, मोकळा समजलो, अन् बैल घातले. मले काय सपन पडावं, काळी गाडी काळोखातून येऊन राह्यली म्हून?"

"मले दिसत होतं बाबा..."

"तुले दिसत असन! मले तू काहून दिसला नाही, ते सांग!"

पंचवीस वर्षांत फुलसिंगला हे कुणी असं विचारलंच नव्हतं. दिवा हा रस्ता पाहण्यासाठी, एवढंच त्याला ठाऊक. आपण दिसावं म्हणूनही तो लावायचा असतो, हे आत्ता बैलाच्या शिंगांपुढे उभं राहून उमगलं.

"चुकलो बाबा," तो म्हणाला, आणि हात जोडले.

"बरं, बरं." म्हातारा तेवढ्यानंच निवला. "बैल वाचले, तू वाचला. आता हे धूड बाजूले घे."

"पण बाबा, तुमच्या गाडीले तरी मागून लाल पट्टी लावा काहीतरी."

"पाह्य, आता मलेच शिकवून राह्यला!" पण हसला. "लावतो, लावतो." बैलगाडी कुरकुरत रस्ता ओलांडून गेली.

फुलसिंगनं गाडी कडेला, कच्च्यावर घेतली. हेडलाइट लावले, उभ्या गाडीचे चारी इंडिकेटर लावले, आणि इंजिन बंद केलं. टिक-टिक, टिक-टिक. मग चावी काढून मागे धरली.

"घ्या मॅडम. मी मागून येणाऱ्या बसनं जातो."

"आणि गाडी मी कुठल्या हातानं नेऊ?"

चावी हवेत राहिली. खांद्याच्या पट्ट्यात अडकवलेला तो हात दोघांनी पाहिला.

"काय झालं नेमकं? खरं सांगा."

"अंगठा लागला. त्या रिझ्यूमवर. लाईटकडे हात गेला, अन् मधात घरजावई. तो बसला नं शंभर धरून! मी वळणावरच त्याले पुरता बंद करायले पाह्यजे होता. अन् लाईट तुमी पयले सांगितली तवाच लावायले पाह्यजे होती. दोन्ही माह्याच."

"आणि थांबवली कशी?"

"कशी म्हंजे? ब्रेक मारला."

"मी तर 'बटण, बटण' ओरडत होते," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही माझं ऐकून बटण शोधत बसला असता, तर आपण त्या कापसात असतो."

"मी तुमाले ऐकलंच नाही, मॅडम. खरं सांगतो. पायानंच काय ते केलं."

मॅडम हसू लागल्या. घाबरून झाल्यावर येतं तसं, थांबवता न थांबणारं. खांदा दुखत होता तरी. फुलसिंगही हसला, डोळे पुसत.

"ऐका," त्या म्हणाल्या. "महामार्ग सोडला की हे मुख्य बटण बंद. नुसतं ब्रेकनं सुटलं म्हणजे झालं नाही. आणि सूर्य टेकला की दिवे. आभाळात उजेड असो नसो."

"स्टँडवरचे हासतीन मॅडम."

"हसू द्या. दात दिसले की पेशंट माझेच."

मग बंद गाडीत, टिक-टिकच्या तालावर, त्यांनी त्याच्याकडून सराव करून घेतला. डोळे मिटून मुख्य बटण शोधा. सापडलं. आता दांडीकडे हात न्या, अंगठा मुठीत. अंगठा बाहेर राहिला. पुन्हा. आता बरोबर. पुन्हा. चौथ्यांदा फुलसिंगच म्हणाला, "थांबा मॅडम, अजून एकदा करतो. हाताले सवय लागू द्या."

उरलेला रस्ता त्यांनी हळूहळू कापला. समोरून मोटारसायकल आली की तो वरचा झोत खाली घ्यायचा, ती गेली की पुन्हा वर. प्रत्येक वेळी अंगठा मुठीत.

मंगरूळपीरला फाटकाशी उतरताना मॅडम म्हणाल्या, "उद्या सकाळी दवाखान्यात या. कामाचं ठरवू."

"म्हंजे, मॅडम..."

"म्हणजे या. आणि रिकाम्या पोटी येऊ नका, ती दुसरी दाढही बघायची आहे."

त्या आत गेल्या. फुलसिंगनं गाडी लावली, सगळे दिवे विझले का म्हणून एक फेरी मारून पाहिलं, आणि फाटकाबाहेर येऊन हिरीबाईला फोन लावला.

"हॅलो, हिरी? ऐक. मिळाली."

"काय मिळाली?"

"नोकरी वं! डॉक्टरणीची!"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हिरी?"

"खरं बोलून राह्यले का तुमी? का मले गप बसवाले?"

"खरं! देवलाले सांग, यंदा आपला कोयता नको धरू म्हून. दुसरी जोडी पाह्य म्हणा."

हिरीबाईनं फोन तोंडासमोरून काढला असावा, पण बंद केला नाही. कारण पुढचं सगळं फुलसिंगला ऐकू आलं. अंगणातून अंगणात घातलेली हाक, आणि तिच्यामागे सगळ्या तांड्याची कुत्री.

"देवलाभाऊ! ओ देवलाभाऊ! आमी नाही येत!"

लांबून मुकादमाचा आवाज. "काहून? गुडघा लय दुखते का वहिनी?"

"कायचा गुडघा! काही दुखत नाही बापा, मस्त हाय!" हिरीबाई ओरडली. "आमचे हे डायव्हर झाले! दुसरा कोयता पाह्य!"