टेपातले दादा

बातमीतली सगळ्यात मोठी गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगायची, असं मला हिंगोलीच्या रविवारच्या वर्गात शिकवलं. म्हणून तीच आधी सांगते. आमच्या दादांचा आवाज जाणार होता.

दादा म्हणजे माझे वडील. घरात सगळेच त्यांना दादा म्हणायचे. हिवाळ्यात त्यांचा घसा बसला तो सुटलाच नाही. हळद-दूध झालं, गावातला डॉक्टर झाला, मग नांदेड. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव राहील, बोलणं राहणार नाही. परतीच्या गाडीत दादा खिडकीबाहेर बघत बसले आणि मी त्यांच्या शेजारी बसून त्या डॉक्टरवर मनातल्या मनात चिडत राहिले. त्याचा काय दोष होता? पण कुणावर तरी चिडल्याशिवाय मला रडू आवरता येत नाही.

दादा सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर पाटकरी होते. हट्टा गावाच्या बाजूच्या शेतांना पाळीपाळीनं पाणी सोडायचं आणि ज्याची पाळी आली त्याला हाक मारून सांगायचं, हे त्यांचं काम. कालव्याच्या भरावावर उभं राहून ते ओरडायचे, "पानी आलं होऽऽ! दारं धरा होऽऽ!" चार शेतं ओलांडून ती हाक जायची. एरवी बोलणंही तसंच, मोकळं. गोष्ट सांगायला लागले की मधेच हसायचे, मधेच कुणाची तरी नक्कल करायचे, आणि माय चुलीपाशी बसून, त्यांचं नाव न घेता, म्हणायची, "झालं का सुरू यायचं आकाशपुराण!"

आता त्या वर्गाचं. जिल्हा नवानवा झाला होता. पेपरवाल्यांना हिंगोलीचं वेगळं पान काढायची हौस आली होती आणि त्या पानाला बातमीदार हवे होते. एका कॉलेजात दर रविवारी पत्रकारितेचा वर्ग सुरू झाला. औंढ्याला गाडी बदलून मी जायचे. बी.ए. होऊन घरी बसलेल्या पोरीला गाव दोनच प्रश्न विचारतं आणि दोन्ही लग्नाचेच असतात. त्यापेक्षा कोण, काय, कधी, कुठे, का, कसं हे बातमीचे सहा प्रश्न मला बरे वाटले. मला पाठवलं ते दादांनीच. म्हणाले, "बोलनाऱ्याचे हुलगे इकतेत, न बोलनाऱ्याचे गहू बी पडून ऱ्हातेत. जा, बोलायला शीक."

आवाजाचा भाग शिकवणारे सर पूर्वी रेडिओत होते. माइक तोंडापासून वीतभर लांब धरायचा, पंखा बंद करायचा, बोलणाऱ्याच्या मधे हं-हं करायचं नाही, मान हलवायची. माझ्या बांगड्या त्यांनी काढून ठेवायला लावल्या. मला राग आला होता, पण आधीची टेप ऐकली तर माझ्या प्रश्नापेक्षा बांगड्याच जास्त बोलत होत्या. मग त्यांनी काम दिलं: घरातल्या एका माणसाशी बोला आणि टेप करून आणा. त्यासाठी वर्गाचा टेपरेकॉर्डर आळीपाळीनं घरी न्यायला मिळायचा.

माझी पाळी आली तेव्हा दादांच्या ऑपरेशनची तारीख ठरलेली होती. सगळ्या वर्गाला ते काम होतं. मला मात्र दादा ठेवून घ्यायचे होते.

पहिल्या दिवशी दादांनी दाढी केली आणि धुतलेला शर्ट घातला. "भांडे वाजतेत" म्हणून मायला शेजारी पाठवून दिलं. मी बटण दाबलं, खट् झालं, आणि दादा ताठ बसले. बसलेल्या घशातून जमेल तेवढा गंभीर आवाज काढून म्हणाले, "नमस्कार. मी एक शासकीय कर्मचारी असून पाणीवाटपाचे कार्य मी निष्ठेने पार पाडलेले आहे."

मी बघतच राहिले. आमच्या घरात 'असून' असं कधी कुणी बोललं नव्हतं.

मी टेप थांबवली. "दादा, असं काहून बोलून राहिलेत? आपलं नेहमीचं बोला की."

"बराबर बोलून राहिलो ना. टेपात असंच बोलतेत. सातच्या बातम्या आयकती न्हाईस का?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांना मुद्दाम कालव्याच्या टोकाची गोष्ट सांगायला लावली. पाणी तिथवर कधी धड पोचायचं नाही. एका उन्हाळ्यात पोचलं, तेव्हा तिथली एक म्हातारी चपला काढून पाण्याच्या पाया पडली होती आणि दादांना म्हणाली होती, "लेकरा, आज पानी माह्या घरला पाव्हनं आलं." ही गोष्ट सांगताना दादांचे डोळे दर वेळी भरायचे. टेपात ते म्हणाले, "शेवटच्या टोकापर्यंत पाणी पोहोचविणे हे अत्यंत अवघड कार्य होते. लाभार्थींनी समाधान व्यक्त केले." त्यात म्हातारी नव्हती, पाव्हनं नव्हतं, काहीच नव्हतं.

न सांगता टेप करावी, असं मनात आलं. पण दादा दर थोड्या वेळानं विचारायचे, "चालू हाय का?" आणि दादांना खोटं सांगणं मला जमलं नाही.

नांदेडला निघायच्या आदल्या दिवशी मी शेवटी भांडलेच. म्हटलं, "मला माझे दादा पायजेत, हा बातम्यावाला नको. उद्यापासून मी काय आयकू?"

दादांनी मला जवळ बसवून घेतलं. मग म्हणाले, "पोरी, एकदा जिल्ह्याच्या मीटिंगला मी उभा राह्यलो. टोकाला पानी जात न्हाई, लोकान्ला लई तकलीफ हाय, म्हनून सांगून राह्यलो, तं समदे हासले. पान्याला कोन्ही हासलं न्हाई. माह्या बोलन्याला हासले. एक सायेब तं चहाच्या टायमाला माही नक्कल करून राह्यला व्हता. पानी राह्यलं बाजूलाच." त्यांनी घसा धरला. "हे टेप उद्या तुहे लेकरं आयकतीन. त्यायनं हासू नये. म्या गेल्यावर माहं बोलनं चांगलं राह्यलं पायजे."

मशीन बंद होतं. त्या वेळी ते त्यांच्याच बोलण्यात बोलत होते आणि तेवढंच सांगत होते, की हे ठेवू नकोस. त्या साहेबाला मी आजही माफ केलेलं नाही. पण आवाज दादांचा होता, काय ठेवायचं ते त्यांनीच ठरवायचं होतं. मी बटण दाबलं. दादा ताठ बसले आणि त्यांनी नमस्कारापासून पुन्हा सुरुवात केली.

ऑपरेशन झालं. गळ्यात भोक, त्यावर पातळ फडकं. वर्गात सरांनी टेप ऐकली आणि म्हणाले, "घसा बसलाय, पण उच्चार किती स्वच्छ!" घरी येऊन मी ते दादांना सांगितलं. दादांनी हातानं खुणावून मला ते पुन्हा सांगायला लावलं आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा फुललेला दिसला. त्यानंतर ती कॅसेट घरात लावायची हिंमत मात्र कुणाला झाली नाही. ज्याला बोलता येत नाही त्याच्यासमोर त्याचाच आवाज कसा लावायचा?

दोन पावसाळे दादा तसेच, न बोलता, आमच्यात होते. मग दुखणं परत उलटलं आणि ते गेले.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले. एका दुपारी माय म्हणाली, "यायचा आवाज हाय म्हनं तुह्याकडं. लाव ना. लई दिवस झाले आयकून." टेप करताना दर वेळी ती शेजारच्या घरी होती, तिनं ती कधीच ऐकली नव्हती. मी कॅसेट लावली.

"नमस्कार. मी एक शासकीय कर्मचारी असून..."

मायनं चटकन डोक्यावर पदर घेतला. घरात परका पुरुष आला की घ्यायची, तसा. भिंतीला टेकून, मान खाली घालून तिनं सगळं ऐकलं. कॅसेट संपली.

"चांगलं बोलतेत," माय म्हणाली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आता त्यायचा लाव."