पुन्हा एकदा काका

आयुष्यातला कुठलाही मोलाचा क्षण पहिल्या खेपेला नीट होत नाही, असं काकांचं ठाम मत होतं. अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या चँडलरच्या आमच्या मराठी मंडळात कॅमेरा त्यांच्याकडे असायचा आणि तोंडात एकच वाक्य, "पुन्हा एकदा." विझलेल्या मेणबत्त्या पुन्हा पेटायच्या, घातलेले हार उतरायचे. आमच्या अनिकेतच्या मुंजीत मातृभोजनाचा घास त्यांनी मला चार वेळा भरवायला लावला. तेव्हापासून पोरगा श्रीखंडाला हात लावत नाही.

एरवी ते चिपच्या कारखान्यात इंजिनिअर होते. एकटा जीव, नागपूरचा. मुलं काका म्हणायची, म्हणून आम्हीही.

अनिकेत हायस्कूलच्या टीममध्ये बेसबॉल खेळायचा, शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी. कॉलेजातही खेळायचं एवढंच त्याचं स्वप्न होतं, पण एकाही कॉलेजच्या कोचने त्याला पाहिलं नव्हतं. व्हिडिओ पाठवणं हा एकच मार्ग उरला होता. मी काकांना फोन केला.

आठवड्यात डीव्हीडी हजर. सुरुवातीला गणपती, मागे बासरी, मग आजी-आजोबांचे आशीर्वाद. सातव्या मिनिटाला अनिकेतच्या हातात बॅट आली, तीही गुलाबाच्या पाकळ्यांतून. मला तर बाई आवडली होती. अनिकेतने कपाळावर हात मारला. "काका, कोच थर्टी सेकंड्स बघतो. दॅट्स इट."

दुसरा कोणी रुसला असता. काका मात्र शाळेच्या कोचकडे जाऊन वही भरून आले. पहिल्या पाटीवर नाव, उंची, इयत्ता, फोन. संगीत बंद, बॅटचा आवाज ऐकू आला पाहिजे. "वहिनी, हे लग्न नाही," मलाच सांगू लागले, "इथे नवरदेवाचे नुसते पळणारे पाय बघतात."

शनिवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, मैदानावर शूटिंग झालं. एक जमिनीलगतचा बॉल अनिकेतच्या ग्लव्हला लागून मागे उडाला. तो धावला, बॉल उचलला आणि वळून पहिल्या बेसवर फेकला. मग म्हणाला, "सॉरी काका, पुन्हा घेऊ."

"नको. हे राहू दे."

आम्ही दोघं बघतच राहिलो. "काका, दे विल सी दॅट!"

"बघू देत की. चुकल्यावर तोंड वाकडं केलं नाहीस, ते कुठे बघायला मिळणार त्यांना?"

अनिकेत दोन दिवस धुमसत होता. आणि महिन्याभराने आयोवातल्या एका छोट्या कॉलेजच्या कोचचा फोन आला. त्याने पहिली चौकशी केली ती त्या सुटलेल्या बॉलची. चूक कापून न टाकणारा मुलगा त्याला प्रत्यक्ष भेटायचा होता. अनिकेतला टीममध्ये जागा मिळाली.

दोन हजार आठ साली काकांची नोकरी गेली आणि तिच्याबरोबर व्हिसाही. ग्रीन कार्डच्या रांगेत सहा वर्षं काढून माणूस दोन बॅगा घेऊन परत निघाला. कॅमेरा त्यांनी अनिकेतला दिला. विमानतळावर मी तो हातात घेतला, पण माझं मेलं बटण दाबायला उशीर झाला. तोवर ते पाठ फिरवून चालू लागले होते.

"काका, पुन्हा एकदा," मी हाक मारली.

ते थांबले. वळले नाहीत, नुसता हात वर केला. "राहू दे, वहिनी. हे राहू दे."

परवा मंडळाच्या सगळ्या टेप्स लावून बसले. सात वर्षांत आम्ही सगळे आहोत, चार-चार वेळा आहोत. काका कुठेच नाहीत. त्यांची म्हणून माझ्याकडे आहे ती एवढी पाठ आणि वर केलेला हात.