वन्संची तोलाई

अक्षर वेडंवाकडं आहे, शुद्धलेखनाच्या चुकाही असतील, त्या पोटात घाला. मी चौथीपर्यंतच शिकले, आणि चारचौघांत बोलायला मला जमत नाही. पण वन्संना जाऊन दीड महिना झाला. कुणाला सांगावं ते कळेना, म्हणून लिहिते.

वन्सं म्हणजे माझी नणंद. नव्वदनंतरची गोष्ट. उसाच्या ट्रॉलीवरून पडून त्यांचं कमरेखालचं सगळं गेलं आणि त्या कोल्हापुरात आमच्याकडे, गूळ बाजाराजवळच्या घरी राहायला आल्या. येणारं माणूस हळहळायचं आणि काहीतरी गोड ठेवून जायचं. मीही तेच केलं. पायाचं सुख गेलं, निदान जिभेचं राहू दे, म्हणून चपातीवर तूप, वर गूळ... दोन वर्षांत अंग इतकं वाढलं, की खाटेवरून चाकाच्या खुर्चीत घ्यायला आम्ही नवराबायको दोघं लागायचो. एका दुपारी हे कामावर असताना मी एकटीच उचलायला गेले. माझ्या कमरेत लचक भरली आणि वन्सं हातातून निसटल्या. हे येईपर्यंत दोघी तशाच फरशीवर. वन्सं रडल्या नाहीत. म्हणाल्या, "वैनी, आता मला कुणी उचलायचं न्हाय. माझं मीच उचलणार."

दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, हात बळकट करा, वजन उतरवा, दर महिन्याला बघत जा. पण उभं राहता येत नाही त्या माणसाचं वजन करायचं कसं? वन्संनीच शोधलं. समोरच्या वखारीत जमिनीलगतचा गुळाचा मोठा काटा होता. अमावस्येला सौदे बंद असायचे. तोलाईदार तात्यांनी खुर्चीसकट त्यांना काट्यावर घेतलं. आकडा ऐकून वन्संचा चेहरा उतरला. दोन दिवस नुसत्या ताकावर. तिसऱ्या दिवशी तात्या रस्त्यावरूनच ओरडले, "अगं ए पोरी, खुर्ची वजा करायची ऱ्हायली की! वीस किलो लोखंड तुझ्या नावावर घातलं मी!"

वन्सं हसून हसून बेजार. "आणा वैनी भाकरी. एकच हां!"

तात्या पैसे घेईनात, तर त्यांनाच दटावलं, "गुळाची तोलाई घेतासा न्हवं? मग माझी बी घ्या. फुकट न्हाय तोलून घेणार." दोन रुपये ठरले.

मग रोज खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अंग वर उचलायचं. किलोची गुळाची ढेप फडक्यात बांधून एकेका हातानं वरखाली करायची. ज्या गुळानं वाढवलं त्यालाच कामाला लावलाय, म्हणायच्या. ताटात भाकरी, पालेभाजी, मोडाची मटकी. सणाला अर्धी पोळी. संध्याकाळी बाजाराला दोन फेऱ्या, स्वतःच्या हातांनी. चढावर माझे हात आपोआप पुढं जायचे. "हात मागं घ्या, वैनी," मागं न बघताच म्हणायच्या. मधे पाठीला जखम झाली, तीन महिने पालथं पडून काढले, वजन पुन्हा चढलं. पुन्हा पहिल्यापासून...

एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर खाट रिकामी आणि वन्सं खुर्चीत. घामानं निथळत होत्या. मला वाटलं ह्यांनी बसवलं, तर हे अंघोळीला गेलेले. मी तोंडाला पदर लावला. त्या म्हणाल्या, "रडताय काय? चहात साखर न्हाय न्हवं घातली?"

त्यानंतर पंधरा वर्षं त्यांना कुणी उचललं नाही. तापाचं निमित्त झालं, पाच दिवसांत गेल्या. शेवटी चौघांनी उचललं तेवढंच. तेव्हाही माझे हात पुढं झाले, आणि मीच ते मागं घेतले.

शेवटच्या अमावस्येला त्यांच्याकडे सुट्टे नव्हते. "पुढच्या खेपेला देते," असं तात्यांना म्हणाल्या होत्या. परवा अमावस्या होती. इतक्या वर्षांत मी एकटी वखारीत कधी गेले नव्हते. गेले. तात्या आता थकलेत, काट्याशेजारी पोत्यावर बसले होते. दोन रुपये त्यांच्यापुढं धरले.

"अगं, आता कशाला..." म्हणाले. मग हात पुढं केला, पैसे खिशात टाकले आणि म्हणाले, "फिटली बघ. पोरीची सगळी तोलाई फिटली."