न केलेली केस

"एवढंच सांग, इंडाइटमेंट इलेक्शनच्या आधी येणार की नंतर?"

फोन स्पीकरवर होता. पलीकडे आमच्या भागाचे काँग्रेसमन, म्हणजे इकडचे खासदार, एका आरोपपत्राबद्दल विचारत होते. खुर्चीत माझा बॉस रसेल होता आणि समोर मी, हातात कॉफीचा कप. रसेलने फोन स्पीकरवर मुद्दाम टाकला होता, हे मला नंतर कळलं. त्याला साक्षीदार हवा होता.

"त्याबद्दल मी बोलू शकत नाही," रसेल म्हणाला.

"मी केसबद्दल विचारतच नाहीये. फक्त तारीख विचारतोय."

"तारखेबद्दलही नाही."

पलीकडून गुडबायसुद्धा न म्हणता फोन ठेवला गेला.

दोन हजार सहाचा ऑक्टोबर होता. मी फेडरल प्रॉसिक्यूटर होते, म्हणजे केंद्र सरकारच्या वतीने खटले चालवणारी वकील. नागपूरला एलएलबी केलं, लग्न होऊन इकडे आले, पुन्हा लॉ स्कूल केलं, सिटिझन झाले आणि मग ही नोकरी मिळाली. नोकरी नवीन होती आणि प्रोबेशन संपायचं होतं. गावाचं नाव सांगत नाही. न्यू इंग्लंडमधलं जुन्या गिरण्यांचं एक शहर समजा. माणसांची नावंही बदलली आहेत.

आमच्या ऑफिसच्या प्रमुखाला राष्ट्राध्यक्ष नेमतात. सिनेट मान्यता देते. राष्ट्राध्यक्षांना वाटलं तर ते त्याला काढूही शकतात. रसेल त्यांच्याच पक्षाचा होता, काँग्रेसमनही. त्यांच्यासाठी त्याने प्रचारही केला होता. पण खुर्चीत बसल्यावर कोणावर खटला भरायचा हे पुराव्यावर ठरतं, पक्षावर नाही, असं तो मानायचा.

केस शहराच्या मेयरची होती. ते विरोधी पक्षाचे. पुन्हा उभे होते आणि निवडून येतील असं सगळे म्हणत होते. शहराच्या सांडपाण्याच्या प्लँटमधून घाण पाणी नदीत जात होतं. फेडरल इन्स्पेक्टर आले तेव्हा मेयर म्हणाले, सगळं ठीक आहे. ते ठीक नव्हतं. प्रश्न एवढाच, की हे मेयरना तेव्हा माहीत होतं का? फेडरल अधिकाऱ्याशी जाणूनबुजून खोटं बोलणं हा गुन्हा आहे. माहीत नसताना चूक बोलणं हा गुन्हा नाही.

आमचा मुख्य साक्षीदार एडी, प्लँटचा सुपरवायझर. पहिल्या जबाबात तो ठामपणे म्हणाला होता, "मी मेयरना सांगितलं होतं." काँग्रेसमनच्या फोननंतर मी त्याला परत बोलावलं. तपास करणारी एजंट डोना शेजारी बसली होती.

"एडी, मेयरना कुठे सांगितलंस? फोनवर, की भेटून?"

"त्यांच्या ऑफिसला सांगितलं."

"ऑफिसात कोणाला?"

"त्यांच्या डेप्युटीला."

"आणि मेयरना?"

"डेप्युटीला सांगितलं म्हणजे मेयरना सांगितल्यासारखंच की."

डोनाने पेन खाली ठेवलं. एडी खोटारडा नव्हता. त्याच्या लेखी ते एकच होतं. कायद्याच्या लेखी नव्हतं.

पुढच्या आठवड्यात वॉशिंग्टनहून फोन आला. बोलणारा माणूस आवाजावरून तिशीतला वाटत होता. या वेळीही रसेलने मला बोलावून घेतलं.

"राष्ट्राध्यक्षांची प्रायोरिटी ज्यांना कळते, अशी माणसं त्यांना हवी आहेत," तो माणूस म्हणाला.

"प्रायोरिटी म्हणजे या केसबद्दल काही सांगायचंय का?" रसेलने विचारलं.

"मी कुठल्याच केसचं नाव घेतलेलं नाही."

"छान. मग मीही घेत नाही."

फोन ठेवल्यावर रसेल माझ्याकडे वळला. "केस तुझी आहे. ग्रँड ज्युरीसमोर न्यायची का?"

इथे जरा समजावून सांगते. ग्रँड ज्युरी म्हणजे सामान्य नागरिकांचा गट. खटला भरण्याइतका पुरावा आहे का, ते ठरवतात. पण त्या खोलीत जज नसतो आणि आरोपीचा वकीलही नसतो. प्रॉसिक्यूटर जे दाखवतो, तेच त्यांना दिसतं. एडीला मी फक्त एवढंच विचारलं असतं, "तुम्ही वर कळवलं होतं का?" तर तो "हो" म्हणाला असता. इंडाइटमेंट जेवणाच्या सुट्टीआधी मिळालं असतं.

"नाही न्यायची," मी म्हणाले. "मेयरना माहीत होतं याचा पुरावा आपल्याकडे नाही."

"त्याची किंमत काय असेल, कल्पना आहे ना?"

"तुला की मला?"

तो हसला नाही. "माझं मी बघतो. तू तुझं मत लिहून दे. खाली सही कर. मी त्याखाली करतो."

घरी सुहासला, माझ्या नवऱ्याला, एवढंच सांगितलं की कामात प्रेशर आहे. तेवढ्यावरून त्याला काय ते कळलं. त्या उन्हाळ्यातच त्याचा जॉब गेला होता. हेल्थ इन्शुरन्स माझ्या नोकरीवर होता.

"तू कशाला अंगावर घेतेस?" तो म्हणाला. "ज्युरीला ठरवू दे ना यार."

"ज्युरीला मी काय दाखवते, त्यावर ते ठरवणार."

तो उठून भांडी घासायला लागला. मला भीती वाटत होती, आणि ती त्याला दिसत होती. पण सही करून झाली होती.

इंडाइटमेंट आलं नाही. तरीही मेयर हरले. प्लँटच्या प्रकरणात मेयरची फेडरल चौकशी चालू आहे, अशी बातमी स्थानिक पेपरात कोणीतरी पेरली होती. ती आमच्या ऑफिसातून गेली नव्हती, असं मी आजही मानते. शपथेवर मात्र सांगू शकणार नाही.

डिसेंबरात रसेलला राजीनामा द्यायला सांगितलं. कारण दिलं नाही. कायद्याने द्यावं लागतही नाही. त्याने आपली खोली स्वतःच आवरली. भिंतीवर राष्ट्राध्यक्षांबरोबरचा त्याचा फोटो होता. तोही त्याने नीट कागदात गुंडाळून बरोबर नेला.

"हा का नेतोस?" मी विचारलं.

"यांना मत मीच दिलं होतं ना," तो म्हणाला.

त्याच्या जागी तात्पुरता आलेला माणूस वॉशिंग्टनचा होता. आल्याआल्या त्याने फाइल मागवली. त्याने सगळं वाचलं, एडीला स्वतः दोन प्रश्न विचारले आणि मला म्हणाला, "तुझं बरोबर आहे." पुढे डेप्युटीने कोर्टात गुन्हा कबूल केला. प्लँटची माहिती त्याने मेयरपासून लपवली होती. मेयरविरुद्धचा तपास बंद झाला. माझी नोकरीही टिकली.

नंतर एकदा मुलीच्या शाळेच्या सायन्स फेअरमध्ये माजी मेयर भेटले. ते परीक्षक म्हणून आले होते. मला त्यांनी ओळखलं.

"माझ्याविरुद्ध काही नाही हे तुम्हाला ऑक्टोबरातच माहीत होतं," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तेव्हा एक वाक्य बोलला असतात, तर मी हरलो नसतो."

माझ्याकडे उत्तर होतं. चालू तपासाबद्दल बोलायचं नाही, हा नियम दोन्ही बाजूंनी लागू होतो. मेयर दोषी आहेत असं इलेक्शनच्या तोंडावर सांगायचं नाही, तसंच ते निर्दोष आहेत असंही सांगायचं नाही. नाहीतर पुढच्या वेळी ज्याच्याबद्दल आम्ही गप्प राहू, तो लोकांच्या लेखी दोषीच ठरेल. पण सगळं गमावलेल्या माणसासमोर हे बोलणार कसं?

"आय अॅम सॉरी," मी एवढंच म्हणाले.

"सॉरी," त्यांनी तो शब्द परत म्हटला, आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

रसेल परत सरकारी नोकरीत आला नाही. छोट्याशा फर्ममध्ये मृत्युपत्रं करायचा. त्याची गोष्ट कुठल्या पेपरात आली नाही, कारण न भरलेल्या खटल्याची बातमी होत नाही.

मी आता रिटायर्ड आहे. नवीन वकील विचारतात, या देशात राष्ट्राध्यक्षांच्या अधिकाराला मर्यादा नेमकी कुठे येते? पुस्तकात लांबलचक उत्तरं आहेत. माझं उत्तर मी ज्या नोकरीत होते तेवढ्यापुरतं आहे. राष्ट्राध्यक्ष तुमच्या बॉसला काढू शकतात. तुमची सही मात्र तुम्हालाच करावी लागते.