पेटी वाजवणारा जोडेवाला

१८ ऑगस्ट १९६८. नव्या चपलांचं माप द्यायला सदर बाजारात गेले होते. जोडेवाला चिनी वंशाचा, जन्म उमरेडचा. वर्तमानपत्रावर माझा पाय ठेवून तो पेन्सिल फिरवत होता आणि तोंडाने भजनाची चाल गुणगुणत होता.

तेवढ्यात आमच्या गणेशोत्सवाचे सेक्रेटरी आले. त्याच्याशी ते हिंदीतच बोलले. "हमारे नाटक में चिनी टोपी पहनके खड़े रहना. लोग हँसेंगे."

त्याने पेन्सिल कानावर अडकवली. "भाऊ, मराठीत बोला नं. मले पेटी येते. टोपीत काहून उभं करता?"

"तुझी पेटी कोण ऐकेल? चेहरा पाहा आरशात."

"रोजच पाह्यतो, भाऊ. दाढी करतो नं."

मला संताप आला. सेक्रेटरींचा पुतण्या दरवर्षी बेसूर पेटी बडवतो, त्याच्या चेहऱ्याचा विषय कोणी काढत नाही.

कार्यक्रमपत्रिका छापून आणायचं काम माझ्याकडे होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाटकातला चिनी खोडला आणि पेटीवादन पहिलं टाकलं. मग वादकाचं नाव विचारायला पुन्हा सदरला जावं लागलं. सहा वर्षं त्याच्याकडून चपला करून घेत होते, नाव कधी विचारलंच नव्हतं.