टकटक

त्याला सगळे सुतभर म्हणायचे. कारखान्यातल्या उभ्या आयुष्यात त्याने एकही काम "झालं" म्हणून खाली ठेवलं नव्हतं. साहेबांनी विचारलं, "झालं का रे?" की हा डोळा बारीक करायचा आणि म्हणायचा, "सुतभर राहिलंय." लेथवरचा, लोखंड फिरवून कापायच्या यंत्रावरचा, हाडाचा टर्नर. हात चांगले होतेच, पण खरं नाव होतं ते कानांचं. एखादं मशीन बिघडलं की बाकीचे झाकणं उघडत बसायचे, हा दारातच उभा राहून कान द्यायचा आणि सांगायचा, "मागचं बेअरिंग. ओरडतंय बिचारं." उघडून बघावं तर तेच.

ते कान कारखान्यानेच खाल्ले. वाळवी लाकूड खाते तसे, आतून, पत्ता लागू न देता. आधी पाखरं गेली, मग दाराची घंटी, मग बायकोचं बोलणं. बायको बिचारी मोठ्याने बोलायला लागली. त्यामुळे त्यांच्या घरातलं सगळं शेजाऱ्यांना कळायचं आणि याला तेवढं कळायचं नाही. मग ती गेली. नंतर घरात मोठ्याने बोलणारंही कोणी राहिलं नाही.

निवृत्तीनंतर एकदा भंगारवाल्याच्या आवारात तो नळाची तोटी शोधायला गेला आणि तिथे त्याला ती लेथ दिसली. ताडपत्रीखाली, तीन पायांवर नीट उभी आणि चौथा विटेवर टेकवलेला. त्याच्याही जन्माआधीची असावी. मोटार नव्हती, चामड्याच्या पट्ट्याने फिरायची त्या काळातली. बेडवर, म्हणजे लेथच्या लांब सपाट पाठीवर, गंजाचा थर, लोखंड पकडणाऱ्या चकात कबुतराच्या काड्या. त्याने चकाला हात घालून जोर लावला. चक कुरकुरलं असेल, त्याला काही ऐकू आलं नाही. पण मनगटाला कळलं की आतून यंत्र अजून जिवंत आहे.

"काका, हिला उद्या तोडणार आहे," भंगारवाला तोंडाजवळ तोंड आणून ओरडला.

"उद्या नको," सुतभर म्हणाला.

लेथ आली ती थेट त्याच्या बाहेरच्या खोलीत. दुसरीकडे जागाच नव्हती. खाट स्वयंपाकघरात गेली, खुर्च्या माळ्यावर. रॉकेल, पॉलिश पेपर, तेल आणि चिंध्या. रोज सकाळी तो लेथचा विटेएवढा भाग घासायला घ्यायचा आणि खालचं लोखंड चमकेपर्यंत सोडायचा नाही. पाणसळ लावून पायांखाली पत्र्याच्या पट्ट्या सरकवल्या, जुनी मोटार बसवली, नवा पट्टा शिवून घेतला. एके दिवशी बटण दाबलं आणि चक फिरायला लागलं. लोखंडी गज पकडून त्याने हत्याराचा पहिला घास घेतला. लोखंडाचा कीस कुरळा होऊन खाली पडला. ते बघून त्याला कोणाला तरी हाक मारावीशी वाटली. मारली नाही.

आठवड्याभराने वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका खाली आल्या. रागावलेल्या नव्हत्या, पण दमलेल्या दिसत होत्या. त्यांचं बोलणं त्याने ओठांवरून अर्धं वाचलं. मग त्यांनी भिंतीवर बोटाने वाजवून दाखवलं: टक. थांबून पुन्हा: टक.

"माझं मशीन?" तो म्हणाला.

त्यांनी मान डोलावली.

त्या गेल्यावर तो लेथसमोर बसून राहिला. मशीन आठवडाभर टकटकत होतं आणि त्याला वाटत होतं की काय लोण्यासारखं चाललंय! दारातून बेअरिंग ओळखणारा माणूस, त्याच्या घरातलं दुखणं त्याला वरच्या मजल्यावरून कळावं. त्याने पट्ट्याची शिवण तपासली, बेअरिंगं आवळली, सैल केली, पुन्हा आवळली. पेचकसाचं टोक मशीनला लावून मूठ कानामागच्या हाडावर दाबली. नुसती थरथर. मग त्याने मशीन बंद केलं ते बंदच ठेवलं.

त्याच सुमारास त्याची ताई आली. वयाने बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. तिच्या घराचं छप्पर बदलायचं काम निघालं, म्हणून भाच्याने तिला मामाकडे आणून सोडलं. दारात पाऊल टाकलं आणि ती थबकली.

"अरे, लोक या खोलीत पाहुण्यांना बसवतात!"

"काय?"

"काही नाही. बहिऱ्याशी भांडून आपलाच घसा बसायचा."

पण बोलायची ती थांबली नाही. ताईला ऐकणारा लागतच नसे, तोंड चालू असलं की पुरे. दोन दिवसांनी तिनेच विचारलं, खुणा करून, की हे धूड चालतं की नुसतं पुसायला आणलंय. सुतभरने नजर चुकवली आणि मग सांगून टाकलं.

"एवढंच ना?" ताई म्हणाली. "माझे गुडघे गेलेत, कान नाही गेले. लाव मशीन."

माळ्यावरची खुर्ची खाली आली. ताई त्याच्या मागे बसली. मशीन सुरू झालं आणि तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. टक झालं की एक थाप. पुन्हा टक, पुन्हा थाप. लहानपणी झोपवताना थोपटायची तसंच, आणि तो हात तसाच जड होता. क्षणभर सुतभर काय शोधतोय ते विसरला.

मग त्याने डोळे उघडे ठेवून मोजायला सुरुवात केली. पट्ट्याची शिवण थापेशी जुळेना, म्हणजे पट्टा निर्दोष. चकावर खडूची रेघ मारली. रेघ दोनदा वर यायची तेव्हा थाप एकदा पडायची. म्हणजे चकाच्या निम्म्या वेगाने जे फिरतं, दुखणं तिथे. आणि निम्म्या वेगाने फिरणारं एकच होतं: डाव्या बाजूच्या झाकणाखालचा मोठा गिअर.

तो गिअर त्याने स्वतः घासून बसवला होता. आता बाहेर काढून एकेका दातावरून नख फिरवलं. एका दाताशी नख किंचित अडखळलं. दात मोडलेला होता आणि कधीतरी कोणीतरी लोखंडाचाच तुकडा जोडून, कानशीने घासून पुन्हा उभा केला होता. इतका सफाईने, की डोळ्यांना सांधा दिसला नव्हता. फक्त केसभर उंच राहून गेला होता. कोण असेल तो? कुठल्या कारखान्यातला, कुठल्या घाईत? सुतभरने कानस घेतली आणि त्या अनोळखी माणसाचं उरलेलं काम पुरं केलं.

मशीन पुन्हा लावलं. पाठीवरचा हात तसाच राहिला, हलला नाही.

"ताई?"

ती पुढे आली, त्याच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाली, "गेलं रे. एकदम गेलं."

ताई छप्पर होईपर्यंत राहिली. तो काम करायचा, ती मागे बसून बोलायची. काय बोलायची कोण जाणे. पण मागे वळलं की तोंड हलताना दिसायचं, आणि तेवढ्यावर सुतभरचा दिवस जायचा. मग भाचा येऊन तिला घेऊन गेला. निघताना तिने खुर्ची माळ्यावर ठेवू दिली नाही.

आता आजूबाजूचे लोक लहानसहान कामं घेऊन येतात. पंपाचा दांडा, शिलाई मशीनची पुली. काम झालं की सुतभर मशीन चालू करतो आणि त्यांना म्हणतो, "जरा बसा. नीट ऐका, कसला आवाज येतोय का?" माणसं खुर्चीच्या कडेवर टेकतात, मान तिरकी करतात आणि हात हलवून सांगतात की छान चाललंय. त्यांनी खरंच ऐकलं की घाई होती म्हणून सांगितलं, हे त्याला कळायला मार्ग नाही.

रविवारी ताईचा फोन येतो. तिचं एक अक्षर त्याला समजत नाही, म्हणून तोच बोलतो. आठवड्यात काय काय केलं ते सगळं सांगतो, पलीकडे ती आहे असं धरून. नंतर भाचा तिचा निरोप लिहून पाठवतो, दोन ओळींत. तब्येत बरी आहे. तेल वेळेवर घाल. ताईचं दोन ओळींत कधी भागलंय? बाकीचं काय काय म्हणाली असेल, याचा विचार करत सुतभर फोन हातात धरून बराच वेळ बसतो, आणि मग उठून लेथच्या बेडवर तेलाचा हात फिरवतो.