तिसऱ्या डब्याचं स्टूल

सूतगिरणीत काम करणाऱ्याच्या अंगाला कापसाचे तंतू चिकटतात. घरी जाऊन कितीही झटका, दुसऱ्या दिवशी केसात एखादा सापडतोच. किश्शांचंही तसंच. मी गिरणीच्या टाइम ऑफिसात हजेरी सांभाळते आणि उदगीरहून रोज पॅसेंजरनं ये-जा करते. त्यामुळे माझ्याकडे गिरणीतले किस्से कमी आणि आमच्या हॉल्टवरचे जास्त!

हॉल्ट म्हणजे काय, तर सोयाबीनच्या रानात एक पाटी, एक तिकीट खिडकी आणि रुळाच्या बरोबरीचा मुरमाचा फलाट. आजूबाजूला गाव नाही, टपरी नाही. समोर थेट गिरणीचं गेट. हे स्टेशन झालंच मुळी गिरणीसाठी. सकाळी लातूरकडे जाणारी एक गाडी, संध्याकाळी परतीची एक. दोन्ही एकेक मिनिट थांबतात.

* * *

एकदा तिशीतला एक माणूस डुलकीतून दचकून जागा झाला आणि गाडी थांबलेली बघून उतरला. गाडी गेली. समोर वॉचमन उभा.

"कार्ड दाखव."

"कसलं कार्ड? पुढची गाडी कधी हाय?"

खिडकीतून आमचे तिकीट एजंट शिवलिंगअप्पा म्हणाले, "संध्याकाळी! तवर कँटीनमधी बस जा. च्या बरा भेटतो."

त्या दिवशी स्पिनिंग खात्यात माणसं कमी होती. कँटीनमध्ये रिकामा बसलेला हा दिसला तसं खात्याच्या मास्तरांनी त्याला सुताच्या बॉबिन उचलायला लावलं. हात इतका चपळ की दुसऱ्या दिवशीही बोलावलं. तोच नरसिंग आज पाळीचा मुकादम आहे.

मी एकदा त्याला विचारलं, "त्या दिवशी निघाला होतास कुठं?"

"लातूरला, मॅडम. मुलाखतीला!"

* * *

पूर्वी गिरणीचा भोंगा गाडी आल्यावर वाजायचा. गाडी लेट तर पाळी लेट, कुणाची तक्रार नाही. मग पुण्याहून नवे एचआर साहेब आले. त्यांनी अंगठ्याचं मशीन बसवलं. वेळेत अंगठा तर हिरवा दिवा, उशीर झाला की लाल.

पहिल्याच आठवड्यात गाडी तासभर लेट. चाळीस अंगठे, चाळीस लाल दिवे! साहेब म्हणाले, "गाडी लेट होती याला पुरावा काय?"

अप्पा शांतपणे म्हणाले, "साहेब, पुरावा मावत न्हाई हो कागदावर. एक डाव गाडीनं येऊन बघा."

पुढच्या महिन्यात साहेबांची कार गॅरेजला गेली. नाइलाजानं गाडीनं आले आणि आमच्याबरोबर पन्नास मिनिटं शेतात अडकून पडले. मशीनवर त्यांचा अंगठा सगळ्यांच्या आधी लागला आणि सगळ्यांच्या आधी लाल झाला. जेवणाच्या सुट्टीत नोटीस लागली. पाळीची वेळ, गाडी आल्यापासून दहा मिनिटं!

* * *

आता महानंदामावशी. कोन वाइंडिंगला, म्हणजे सूत शंकूवर गुंडाळायच्या खात्यात, गिरणी सुरू झाल्यापासूनच्या. उदगीरनंतरच्या एका खेड्यातून चढायच्या. तिसरा डबा, दाराजवळची जागा, ठरलेली. एकदा नव्या प्रवाशानं त्यांना विचारलं, "बाई, ह्या हॉल्टनंतर कोणतं स्टेशन येतं?"

"मला काय ठाव? माझी गाडी इथंच संपती!"

डबा हसला. मीही हसले. खरं तर मलाही वेळापत्रकातल्या नावांपलीकडे काही सांगता आलं नसतं.

मावशींचे गुडघे गेले होते. डब्याची शेवटची पायरी आणि मुरूम यांत चांगलं कमरेएवढं अंतर, आणि वेळ एक मिनिट. त्यांनी आपली पद्धत बसवली होती. आधी जेवणाच्या डब्याची पिशवी खाली टाकायची, मग चपला, मग स्वतः. मी मात्र उडी मारून उतरायचे आणि वर त्यांना चिडवायचे, "मावशी, एक दिवस चपला इथं राहतील आणि तुम्ही लातूरला जाल!"

एक दिवस त्या खरंच पडल्या. आठवडाभर घरी होत्या. मला काळजी वाटली. रिटायर व्हायला वर्ष राहिलं होतं आणि दोन बस बदलून पाळी गाठणं त्यांच्यानं होणारं नव्हतं. त्यांचं एकच म्हणणं, "मधीच सोडून गेली असं कुणी म्हनू नये. शेवटचा कोन माझ्या हातानं काढून जाईन."

मग गिरणीच्या सुतारानं बॉबिनच्या मोडक्या पेट्यांतून तीन पायऱ्यांचं स्टूल केलं. अप्पांनी फलाटावर चुन्याची रेघ मारली. गाडी आली की ते स्टूल रेघेवर ठेवायचे. महिनाभरात ड्रायव्हर तिसऱ्या डब्याचं दार बरोबर रेघेवर आणून उभं करायला लागला. त्याला कुणी सांगितलं होतं, देव जाणे.

* * *

मग रेल्वेचे एक तपासणी साहेब आले. सकाळच्या गाडीनं, तिसऱ्याच डब्यातून. स्टुलावर पाय देऊन आरामात उतरले आणि विचारलं, "हे काय आहे?" दुपारी लेखी हुकूम, फलाटावर अडथळा, ताबडतोब हटवणे.

अप्पा म्हणाले, "हुकूम म्हंजे हुकूम." स्टूल गिरणीत गेलं.

संध्याकाळी परतीची गाडी आली. मावशींना आम्ही बायकांनी ढकलून वर चढवलं. साहेब खालीच. पोट मोठं, बूट गुळगुळीत. दांडी धरत होते आणि सोडत होते. गार्डनं शिट्टी दिली. दारातून मावशी शांतपणे म्हणाल्या, "साहेब, आधी पिशवी द्या. मग बूट. मग तुमी या."

आणि साहेबांनी दिली की! पिशवी, बूट आणि मग स्वतः!

हुकूम मात्र त्यांनी मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी हुकूम चष्मा लावून पुन्हा वाचला. "ह्यात फलाट लिवलंय. डब्यात ठिवू नका, असं कुठं लिवलंय?" तेव्हापासून स्टूल मावशींचं सामान झालं. सकाळी नरसिंग आधी उडी मारून ते लावायचा, संध्याकाळी दोरीनं वर ओढायचा. एकदा टीसीनं विचारलं, "हे कुणाचं?"

"माझं. बसा!"

टीसी हॉल्ट येईपर्यंत त्यावर बसून आला.

* * *

मावशी रिटायर झाल्या. शेवटचा कोन स्वतः काढला. नारळ, साडी, हार, भाषणं झाली. एचआर साहेबांनी विचारलं, "आणखी काय हवं?" मावशी म्हणाल्या, "ते स्टूल." संध्याकाळी स्टूल त्यांच्याबरोबर त्यांच्या गावी उतरलं. मशीनमधून त्यांचं नाव काढायचं काम माझं होतं. म्हटलं, उद्या काढू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आपल्या स्टेशनवर उभ्या. नवी साडी, हातात पिशवी, शेजारी स्टूल. नरसिंगनं दोघांनाही वर घेतलं. त्या नेहमीच्या जागेवर बसल्या. मला वाटलं, सवयीनं आल्या. तोंडाला चिडवायची खोडच. "काय मावशी, घरी करमेना?"

"काम हाय," एवढंच म्हणाल्या.

हॉल्ट आला. तिसरा डबा रेघेवर थांबला. नरसिंगनं स्टूल लावलं. आम्ही सगळ्या उतरलो. उडी मारायची मी महिनाभरापासून सोडली होती, पण कुणाला बोलले नव्हते. मागे वळून हात पुढे केला, "चला मावशी, लवकर!"

त्या दारातच उभ्या. "स्टूल ठिवून घ्या, मॅडम. तुमचा गुडघा वाजून राहिला. मला ऐकू येतंय."

"अहो, पण उतरा आधी! गाडी सुटेल!"

"सुटू द्या की. पुढचं स्टेशन कोनतं, ते बघून येते."